गब्रू संध्याकाळी बसत नाही

एकतीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं. साठ-साठ पोरांचा वर्ग माझ्या एका शब्दावर खाली बसायचा आणि घंटा होईपर्यंत हलायचा नाही. बढाई मारत नाही, कसबा बावड्यात कुणालाही विचारा, गोमटेश मगदूम सर म्हटलं की अजून बापे झालेली पोरं शर्टाची बटणं लावतात. त्यामुळे बत्तीस किलोचं एक कुत्रं जेव्हा भर रस्त्यात माझ्याकडे ढुंकूनही न बघता मला फरफटत न्यायला लागलं, तेव्हा मला जो संताप आला तो नुसता कुत्र्याचा नव्हता.

गब्रू खरं तर आमच्या अरिहंतचा. निम्मा लॅब्राडोर, निम्मा कोण ते त्याच्या आईलाच माहीत. अरिहंतनं पिल्लू आणलं, सहा महिने त्याचे फोटो काढले आणि नोकरीसाठी बेंगळुरूला निघून गेला. कुत्रं आमच्या गळ्यात पडलं. पहिलं वर्षभर मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आता चार वर्षं झाली, तो माझ्या कॉटखाली झोपतो आणि घोरतो, आणि तो घोरला नाही तर मला झोप लागत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला सोडून, आणि तिलाही मी सांगितलं नाही, तिनं ओळखलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो प्रकार झाला. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता. आमची गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथून दिवसरात्र उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या मागे लोंबणारे ऊस डांबरावर घासत जातात. आम्ही जैन. वडील गेले त्या वर्षी मी सूर्य मावळल्यावर काही न खाण्यापिण्याचा नेम घेतला, त्याला वीस वर्षं झाली. आमच्या घरात साडेपाचला जेवणं होतात, सहाला भांडी पालथी, आणि मग अंधार पडता पडता आम्ही नवरा-बायको कुत्र्याला घेऊन फिरायला निघतो.

त्या दिवशी कोपऱ्याच्या अलीकडे मी दोरी वर्षाराणीच्या, म्हणजे बायकोच्या हातात दिली, कारण मला शेजारच्या विश्वजितशी बोलायचं होतं. बोलायचं म्हणजे भांडायचं होतं. तो आपली गाडी रोज आमच्या फाटकासमोर लावतो. माझं पहिलंच वाक्य रंगात आलं होतं, तेवढ्यात गब्रूनं रस्त्यावर घासत जाणारा ऊस बघितला आणि झेप घेतली. मी मागून ओरडलो, थांब, थांब, थांब. वर्षाराणी तोंडावर पडली. उजवं मनगट मोडलं. ट्रॉलीचं मागचं चाक तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून गेलं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर झालं. त्या दिवसापासून तिनं फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. देवळात जायचं असलं तरी रिक्षा दारात बोलवायची. तीस वर्षं न चुकता संध्याकाळी चालणारी बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली.

अरिहंतचा फोन आला. "पप्पा, अठ्ठावीसला मी येतोय. गब्रूला कोडोलीला अभिनंदनकाकांच्या मळ्यात सोडून येऊ."

"शिकंल की तो."

"चार वर्षांत शिकला न्हाय, तीन आठवड्यांत शिकतोय व्हय?"

"शिकवतो मी."

तो म्हणाला, "ठीक हाय. मी आल्यावर त्या कोपऱ्यावर जाऊ. ट्रॅक्टर जाताना तो थांबला आणि बसला, तर राहू दे. न्हायतर त्याच दिवशी कोडोली. आईचा दुसरा हात मोडायची वाट बघायची न्हाय मला."

पोरगं बरोबर बोलत होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. अभिनंदन माझा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, जनावरांना वेळेवर खायला घालतो. पण त्याच्या मळ्यातलं आधीचं कुत्रं मी बघितलं होतं. पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ आंब्याला साखळीनं बांधलेलं. साखळी पोचेल तेवढी जमीन गोल तुळतुळीत झालेली, त्यावर गवताची काडी नाही. पहिल्या वर्षी मी गेलो की ते नाचायचं. तिसऱ्या वर्षी नुसतं डोळा उघडून बघायचं आणि पुन्हा मिटायचं. आमचा गब्रू तसा झालेला मला बघवला नसता.

आमच्या मागच्या गल्लीत आबा कांबळे राहतात. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, कुत्र्यांबरोबर पंचवीस वर्षं काढलेली. त्यांच्या लेकीला, सोनमला, मी दहावीला शिकवलं होतं, म्हणून ते मला सर म्हणतात, पण माझं काही ऐकून घेत नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी मला गब्रूला बसवायला सांगितलं. मी सांगितलं. सहा वेळा सांगितलं, सहावी वेळ गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

"सर," आबा म्हणाले, "पयलं तुम्ही गप बसायला शिका. कुत्र्याचं नंतर बघू."

त्यांची पद्धत साधी होती. चालता चालता आपण थांबायचं. एकदाच म्हणायचं, बस. दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. त्याचं बूड जमिनीला टेकलं की त्याच क्षणी हातावर पगार ठेवायचा. पगार म्हणजे उकडलेली कलेजी. मी म्हटलं, ती वस्तू माझ्या खिशात काय, माझ्या गल्लीतही येणार नाही.

"मग काय देताय? तुपातली चपाती?"

बरीच घासाघीस होऊन आम्ही फुटाण्यांवर आलो. गब्रू फुटाण्यांसाठी काहीही करतो. रोज सकाळी सात वाजता मी खिसा भरून निघायचो. आधी दर दहा पावलांना थांबायचं, मग दर खांबाला, मग गल्लीच्या तोंडाशी. संध्याकाळी त्याला मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोडायचो, रस्त्यावर न्यायचंच नाही. बाराव्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून भरलेला ट्रॅक्टर धडधडत गेला आणि गब्रू माझ्या पायाशी बसून माझ्या खिशाकडे बघत राहिला. मला इतका आनंद झाला की मी विश्वजितलाही सांगितलं. वर्षाराणीनं गॅलरीतून बघितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सकाळी रस्ता मोकळा असतोय."

ते मला लागलं. त्याच संध्याकाळी जेवण करून, भांडी पालथी झाल्यावर, मी छाती काढून गब्रूला कोपऱ्यावर नेलं.

तो बसला नाही. मी थांबलो, बस म्हटलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, माझा खिसा हुंगला आणि मला विजेच्या खांबापर्यंत ओढत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शहाण्यासारखा बसला. संध्याकाळी पुन्हा तेच. पाच दिवस असं चाललं. सकाळी वर्गातला पहिला नंबर, संध्याकाळी मागच्या बाकावरचा टवाळ. आणि मी, आबांनी बजावलेलं सगळं विसरून, चारचौघांत त्याच्यावर ओरडत होतो.

मी गणिताचा माणूस. कागद घेऊन बसलो. सकाळ आणि संध्याकाळ यांत काय काय वेगळं आहे ते एकाखाली एक लिहिलं. रहदारी, थंडी, मांजरं, हेडलाइट, उजेड. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. अंधारात याला दिसत नाही, हे माझ्या लख्ख लक्षात आलं. रिक्षा करून त्याला शाहूपुरीत जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले आणि मला म्हणाले, "सर, ह्याची नजर तुमच्यापेक्षा चांगली हाय. तुमचा चष्मा कधी बदललाय?"

सहा दिवस उरले होते. मी हात टेकले आणि आबांना संध्याकाळी स्वतः येऊन बघायला सांगितलं. ते आले. कोपऱ्यापर्यंत माझ्या मागून चालले. गब्रूनं मला नेहमीप्रमाणे खांबावर नेऊन आपटलं.

"सर, खिसा दाखवा," आबा म्हणाले.

मी दाखवला. रुमाल आणि चष्म्याचं घर.

"फुटाणं कुठं हायत?"

"आबा, दिवस मावळलाय."

"मावळू दे की. फुटाणं कुठं हायत?"

मला त्यांचा प्रश्नच कळेना. मग मी समजावून सांगितलं, की सूर्यास्तानंतर मी खात नाही, आणि दुसऱ्याला खाऊ घालणंही नेमात बसत नाही. गब्रूचं ताटसुद्धा साडेपाचलाच होतं. यात नवीन काय?

आबा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले ते थांबेनात, शेवटी खांबाला धरून उभे राहिले. "सकाळी पगारी, संध्याकाळी बिनपगारी," ते डोळे पुसत म्हणाले. "त्यानं बरोबर वळखलंय तुम्हाला. उजेड हाय तवर नोकरी, अंधार पडला की सुट्टी. आणि तुम्ही त्येचं डोळं तपासून आलाय."

मी एवढा ओशाळलो की रस्त्याकडे बघत उभा राहिलो. वीस वर्षं नेम अंगात इतका मुरला होता की तो मला दिसतही नव्हता. कुत्र्याला दिसला. आणि पाच दिवस मी त्यालाच चुकार, बेइमान म्हणत होतो.

आता सरळ उपाय होता. आबा म्हणाले, नेम तुम्ही घेतलाय, कुत्र्यानं घेतला नाही, द्या चार फुटाणे. घरी आल्यावर मी वर्षाराणीला विचारलं. ती म्हणाली, "नेम तुमचा, कुत्रं तुमचं. मला कशाला इचारताय?" खोटं कशाला सांगू, मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, मूठभर फुटाणे हातात घेतले आणि तसाच उभा राहिलो. कोडोलीचं ते आंब्याखालचं कुत्रं डोळ्यांसमोर होतं. तरी मला जमलं नाही. फुटाणे डब्यात परत टाकले, आणि आपण स्वतःच्या हट्टासाठी एक मुका जीव घालवतोय की काय, या विचारानं मला भडभडून आलं.

सकाळी आबांना सांगितलं तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. "मग दुसरा पगार काढू की," म्हणाले. "आमच्याकडं एक कुत्री होती. खाण्याचं तिला काय पडल्यालं नसायचं. एका फाटक्या टॉवेलासाठी जीव टाकायची. ह्याला काय आवडतंय?"

मी विचार केला. "पुढं जायला आवडतंय. छातीवर खाजवलेलं आवडतंय. आणि मी जरा बरं बोललो की आवडतंय."

"तुम्ही बरं बोलता?"

"क्वचित."

ठरलं असं. संध्याकाळी गब्रू बसला की छातीवर खाजवायचं, मोठ्यानं शाबास म्हणायचं आणि लगेच पुढे चालायचं. नाही बसला तर मी जागचा हलायचं नाही. ओढायचं नाही, बोलायचं नाही, एक पाऊलही टाकायचं नाही. कितीही वेळ लागो.

माझी अडचण उभं राहण्याची नव्हती, शाबासची होती. एकतीस वर्षांत मी कुठल्या पोराला शाबास म्हटलं नव्हतं. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्याच्या वहीवर मी 'ठीक' असं लिहायचो. अरिहंतच्या वहीवरही तेच लिहिलं होतं. आणि आता गल्लीत, विश्वजितच्या देखत, कुत्र्याला शाबास म्हणायचं.

पहिल्या संध्याकाळी शंभर पावलं जायला चाळीस मिनिटं लागली. मी दोरी धरून मुकाट उभा, गब्रू दोरी ताणून उभा. कोपऱ्यावर झुंबरबाई भाजी घेऊन बसतात. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सर, एस्टीची वाट बघताय काय? हितं थांबत न्हाय ती."

"न्हाय, कुत्र्याची बघतोय."

"कुत्रं तर तुमच्या म्होरंच हाय की."

विसाव्या मिनिटाला गब्रू वळला. माझ्याकडे बघितलं, रिकामा खिसा हुंगला, मोठा सुस्कारा टाकला आणि खाली बसला. मी वाकून त्याच्या छातीवर खाजवलं आणि शाबास म्हटलं. रस्त्यापलीकडून आबांचा आवाज आला, "ऐकू आलं न्हाय, सर." मग मी मोठ्यानं म्हटलं. गब्रूची शेपटीच काय, अख्खं ढुंगण हलायला लागलं. त्याला ते इतकं आवडेल याची मला कल्पनाच नव्हती. मला वाईटही वाटलं, कशाचं ते सांगत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पंचवीस मिनिटं लागली, चौथ्या संध्याकाळी आठ. सत्तावीस तारखेला कोपऱ्यावर तो चारपैकी तीन वेळा बसला. एकदा नाही बसला. त्या एकदानं माझ्या तोंडची चव गेली.

अठ्ठावीसला दुपारी अरिहंत गाडी घेऊन आला. गब्रूनं त्याला चाटून काढलं, त्यानंही त्याला मिठी मारली. पण गाडीची डिकी उघडली तेव्हा आत नवीकोरी साखळी होती, आणि ती मी बघितल्याचं त्यानं बघितलं. साडेपाचला जेवायला बसलो. मला अर्धी भाकरी गेली नाही. भांडी पालथी झाली. मी दोरी घेतली, अरिहंतनं चपला घातल्या, आणि वर्षाराणी आतून शाल घेऊन बाहेर आली. "मी बी येते," म्हणाली. ती आमच्या मागून, भिंतीच्या कडेकडेनं, प्लास्टरचा हात शालीखाली धरून चालत होती.

कोपऱ्यावर पोचलो आणि डावीकडून ट्रॅक्टर आला. गाणी मोठ्यानं लावलेली, दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या, मागे ऊस लोंबत होते. मी थांबलो. आता एकदा बस म्हणायचं होतं. शब्दच फुटेना. एकतीस वर्षं ज्याच्यावर भाकरी खाल्ली तो शब्द नेमका तेव्हा येईना. गब्रूनं ऊस बघितला. दोरी ताठ झाली, पुढचा पाय उचलला गेला. मी आपला उभाच.

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाय खाली ठेवला. आणि बसला.

पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ऊस डांबरावर खरखरत त्याच्या नाकासमोरून गेले. तो थरथरत होता, पण बूड उचललं नाही. मी शाबास म्हणून इतक्या जोरात ओरडलो की ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं.

अरिहंत हसला, पण लगेच गंभीर झाला. "पप्पा, एका उदाहरणावरून सिद्ध होत न्हाय. तुम्हीच शिकवलंय."

कालचं ते न बसल्याचं उदाहरण मला माहीत होतं, त्याला नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "दोरी हिकडं द्या."

"आई, नको," अरिहंत म्हणाला. मीही नको म्हटलं.

"पडले कोण? मी. मग ठरवायचं कुणी?" वर्षाराणीनं डावा हात पुढे केला. मी दोरी दिली.

ती गब्रूला घेऊन गल्लीत वीस पावलं मागे गेली आणि वळून पुन्हा कोपऱ्याकडे यायला लागली. तिनं त्याला एक दिवसही शिकवलं नव्हतं. तिच्याकडे ना फुटाणे, ना खाजवायला मोकळा हात. पुढचा ट्रॅक्टर वळणावर दिसत होता. मी आणि अरिहंत, दोघंही झेप घ्यायच्या तयारीत, रस्त्याच्या कडेला उभे होतो.

ती थांबली. हळूच म्हणाली, "बस की रं बाळा."

गब्रू बसला. नुसता बसला नाही, तिच्या पायाला अंग टेकवून बसला. ट्रॅक्टर आला, धुरळा उडवत गेला. ती डोळे मिटून उभी होती. आवाज लांब गेल्यावर तिनं डोळे उघडले, वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. काय बोलली ते तिनं अजून मला सांगितलेलं नाही. मग सरळ होऊन अरिहंतला म्हणाली, "काकांना फोन लाव. सांग, कुत्रं येत न्हाय म्हणून."

झुंबरबाईंच्या शेजारी भाजीचं रिकामं क्रेट पालथं पडलं होतं, त्यावर मी बसलो आणि भर रस्त्यात रडलो. झुंबरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी मानेनंच नको म्हटलं. अरिहंत बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. "न्हाय काका, बसला. व्हय, दोनदा. आईकडं बसला."

"उठा आता," वर्षाराणी म्हणाली. "अजून सगळा रस्ता राहिलाय."

मी उठेपर्यंत ती थांबली नाही. दोन्ही बाजूंना बघून तिनं रस्ता ओलांडला, डाव्या हातात सैल दोरी आणि तिच्या पायाला लागून गब्रू, आणि पलीकडच्या कडेनं ती चालायला लागली, पूर्वीसारखी भराभर. मी चष्मा पुसला आणि त्यांना गाठायला निघालो.